अमात्यांची आज्ञा आणि परसातला फणस

वैभववाडीहून करूळच्या किंवा भुईबावड्याच्या घाटाने वर चढणाऱ्या वाटसरूला माथ्यावर जे गगनबावडा लागते, ते रामचंद्र नीलकंठ अमात्यांच्या जहागिरीचे ठिकाण. त्यावरूनच त्यांचे घराणे बावडेकर म्हणून ओळखले गेले. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अमात्यपदी असलेल्या आणि राजाराम महाराज जिंजीस गेल्यावर हुकमतपन्हा या किताबाने राज्याचा भार वाहिलेल्या या पुरुषाने १७१५ साली आज्ञापत्र सिद्ध केले. त्यातील दुर्गनीतीची व वतनविषयक विचारांची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला मात्र आरमाराच्या प्रकरणातली झाडांविषयीची आज्ञा त्याहून मोलाची वाटते. ती पुष्कळदा शिवछत्रपतींचे पत्र म्हणून सांगितली जाते. धोरण त्यांच्या परंपरेतले खरे, पण शब्द आज्ञापत्राचे आहेत.

आरमाराची लाकडाची भूक मोठी. ती भागविण्यास अरण्यातील सागासारखी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत, उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे. परंतु आंबा-फणसाचे लाकूड कामाचे असूनही त्यास हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा त्या आज्ञेचा आशय आहे. एखादे झाड अगदी जीर्ण झालेच, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बळजोरी मुळीच नको. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका राज्यकर्त्याने युद्धनौकेच्या निकडीपुढे फणसाचे वय ठेवावे, याचे मला आजही नवल वाटते.

ही आज्ञा ज्याच्या परसाचा विचार करते, त्या शेतकऱ्याचे जिणेच झाडाच्या गतीने चाले. बाठ्यापासून उगवलेला रायवळ आंबा फळाला येण्यास आठ-दहा वर्षे लागत, म्हणून लावणारा बहुधा पुढच्या पिढीसाठी लावी. वैशाखात साटे वाळत, सोले मुरत, आठळ्या पावसाळ्यासाठी राखल्या जात. भाताच्या राबासाठी कवळ तोडताना झाडाला पुन्हा पालवी फुटेल एवढे राखून तोडले जाई. आणि मीठ, गूळ, धान्य यांची घाटातली ने-आण बैलाच्या पावलांनी होई. या संथपणात दारिद्र्याचाही वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात हिशेबही होता, आणि तो पिढ्यांचा होता.

पुढे १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याने आंबा-फणसाला पुन्हा संरक्षण दिले. मात्र तो कायदा अधिकाऱ्याची परवानगी विचारतो, आणि अमात्य धन्याचा संतोष विचारीत होते. आता धनी मुंबईस चाकरमानी; सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची दहा-बारा नावे; झाडाचा सौदा तिथल्या खोलीत ठरतो, आणि कोवळ्या रोपाभोवती काट्यांची वई घालून ज्या आजीने त्याला पहिल्या उन्हाळ्यात घागरीने पाणी घातले, ती लाकूडतोड्यांच्या आवाजाने ओटीवर येते, तेव्हा फणस अर्धा आडवा झालेला असतो.