सेकंड हँड डीएसएलआर की नवा मिररलेस? पहिला कॅमेरा घेताना पैसे नेमके कशाचे मोजायचे?

मोबाईलवर फोटो चांगले येतात, रील्सही होतात. पण कुणीतरी म्हणतं, "तुझा हात चांगला आहे, कॅमेरा घे." तिथून शोध सुरू होतो. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात चक्कर होते, ऑनलाइन जाहिराती पाहिल्या जातात. बहुतेकांची गाडी अडते ती एकाच प्रश्नावर. कुणाचा तरी वापरलेला डीएसएलआर स्वस्तात मिळतोय, तो घ्यायचा? की अजून थोडे महिने थांबून, पैसे साठवून नवा मिररलेस घ्यायचा?

उत्तर नीट कळावं म्हणून एकाच कंपनीचे दोन कॅमेरे समोर ठेवूया. एक, २०१८ साली आलेला कॅनन ईओएस १५००डी हा डीएसएलआर. दुसरा, २०२३ साली आलेला कॅनन ईओएस आर५० हा मिररलेस. दोन्ही नवशिक्यांसाठीच बनवलेले आहेत.

आधी हे समजून घ्या: आरसा म्हणजे काय?

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे ४५ अंशात एक आरसा बसवलेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावरून वर जातो आणि व्ह्यूफाइंडरमधून तुमच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. तुम्ही बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि सेन्सरवर फोटो उमटतो. "खटॅक" असा जो आवाज येतो, त्यात या आरशाचा मोठा वाटा असतो.

मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसतं तेच व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या स्क्रीनवर दिसतं. म्हणजे फोटो काळा येणार की पांढराफटक, हे बटण दाबण्याआधीच कळतं. शिकणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य आहे तसं दिसतं, पण फोटो कसा येईल ते काढल्यावरच समजतं. त्यातही १५००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फ्रेमचा सुमारे ९५ टक्के भागच दिसतो. त्यामुळे कडेला उभा असलेला माणूस कधी कधी फोटोत आगंतुकासारखा डोकावतो.

आरसा गेल्यामुळे कॅमेरा लहानही होतो. बॅटरी आणि कार्डसह १५००डीचं वजन साधारण ४७५ ग्रॅम, तर आर५०चं साधारण ३७५ ग्रॅम.

फोटोच्या दर्जात किती फरक?

इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो. १५००डीचा सेन्सर २४.१ मेगापिक्सेलचा, आर५०चा २४.२ मेगापिक्सेलचा. दोन्हींचा आकार एपीएस-सी. भरपूर उजेडात, एकाच दर्जाच्या लेन्सने, न हलणाऱ्या गोष्टीचा फोटो काढला आणि तो इन्स्टाग्रामवर टाकला, तर कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा हे ओळखणं कठीण आहे.

फरक दिसायला लागतो तो उजेड कमी झाल्यावर. १५००डीचा आयएसओ ६४०० पर्यंत जातो, ओढूनताणून १२८००. आर५०मध्ये ही मर्यादा ३२००० आहे. आकडा मोठा म्हणून तिथला फोटो स्वच्छ येतो असं नाही, पण नवा सेन्सर आणि प्रोसेसर कमी उजेडात जास्त सांभाळून घेतात.

खरा फरक: फोकस

१५००डीमध्ये व्ह्यूफाइंडरमधून पाहताना फोकसचे फक्त ९ बिंदू मिळतात, तेही बहुतेक मधल्या भागात. सगळ्यात भरवशाचा बिंदू अगदी मधला. त्यामुळे आधी मधल्या बिंदूने फोकस करायचा, मग बटण अर्धं दाबून ठेवत फ्रेम हलवायची, अशी सवय लावावी लागते.

आर५०मध्ये जवळपास पूर्ण फ्रेमवर फोकस चालतो. कॅमेरा माणसाचा चेहरा आणि डोळा स्वतः शोधतो, प्राणी आणि वाहनंही ओळखतो आणि ते हलले तरी फोकस त्यांच्यावर ठेवतो. अंगणात पळणारं लहान मूल, कबड्डीची चढाई, लेझीमचं पथक अशा ठिकाणी हा फरक लगेच जाणवतो.

वेगाचंही तसंच. १५००डी सेकंदाला ३ फोटो काढतो. आर५० सेकंदाला १२ आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर १५. पण इथे एक मेख आहे. इलेक्ट्रॉनिक शटरवर वेगाने हलणारी वस्तू वाकडी दिसू शकते, आणि एलईडी दिव्यांच्या स्टेजवर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात.

व्हिडिओ करायचा असेल तर?

मग फार विचार करायची गरज नाही. १५००डी फुल एचडी व्हिडिओ काढतो, पण शूटिंग चालू असताना माणूस पुढे-मागे झाला तर फोकस आपोआप त्याच्या मागे जात नाही. स्क्रीन फिरत नाही, टच नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बाहेरचा माइक लावायला जागाच नाही. आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर जुळवावा लागतो.

आर५०मध्ये ४के व्हिडिओ आहे, स्लो मोशनसाठी फुल एचडीमध्ये सेकंदाला १२० फ्रेम्स आहेत, स्वतःकडे वळवता येणारी टचस्क्रीन आहे आणि माइकसाठी ३.५ मिमीचा जॅक आहे. यूट्यूब, मुलाखती, रील्स हेच काम असेल, तर स्वस्त मिळतोय म्हणून १५००डी घेणं नंतर महागात पडतं.

मग जुना डीएसएलआर घ्यायचाच कशाला?

कारण पैसे फक्त कॅमेऱ्याला लागत नाहीत. वापरलेला १५००डी साधारणपणे नव्या आर५०च्या अर्ध्याहून कमी किमतीत मिळतो. उरलेल्या पैशांत काय येतं, तो हिशेब महत्त्वाचा.

एक उदाहरण घेऊ. लग्नाचा हॉल, संध्याकाळची वेळ, उजेड बेताचा. एकाकडे आर५० आणि सोबत आलेली १८-४५ मिमीची किट लेन्स आहे. ही लेन्स झूम केल्यावर एफ/६.३ पेक्षा जास्त उघडत नाही. दुसऱ्याकडे जुना १५००डी आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे. एफ/१.८ वर येणारा प्रकाश एफ/६.३ च्या सुमारे १२ पट असतो. म्हणजे शटरचा वेग तोच ठेवला, तर जिथे डीएसएलआरवाल्याचं काम आयएसओ १६०० वर भागतं, तिथे मिररलेसवाल्याला १९००० च्या पुढे जावं लागतं. सेन्सर कितीही नवा असला तरी एवढी दरी तो भरून काढत नाही. अशा वेळी न हलणाऱ्या नवरा-नवरीचा फोटो जुन्या कॅमेऱ्यातून जास्त स्वच्छ येऊ शकतो.

थोडक्यात, नव्या कॅमेऱ्यावर सगळे पैसे संपवून किट लेन्सवर अडकून राहण्यापेक्षा जुना कॅमेरा आणि चांगली लेन्स हा पर्याय फोटोग्राफी शिकणाऱ्यासाठी अनेकदा सरस ठरतो.

बॅटरीतही डीएसएलआर पुढे आहे. व्ह्यूफाइंडर वापरला तर १५००डी एका चार्जमध्ये साधारण ५०० फोटो काढतो. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर म्हणजे सतत चालू असलेली स्क्रीन, त्यामुळे आर५०चा आकडा तीनशेच्या आसपास किंवा त्याहून खाली राहतो. दिवसभराचं काम असेल तर जादा बॅटरीचा खर्च धरूनच चला.

लेन्स पुढे चालतील का?

कॅननने २०२० मध्ये ८५०डी आणला, त्यानंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. कंपनीचं लक्ष आता आरएफ माउंटच्या मिररलेसवर आहे. पण म्हणून आज घेतलेली डीएसएलआरची लेन्स वाया जात नाही. ईएफ आणि ईएफ-एस लेन्स एका अडॅप्टरच्या मदतीने आर५०वर ऑटोफोकससह चालतात. उलटं मात्र होत नाही. आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाही.

२०२४ पासून सिग्मा आणि टॅमरॉन यांनीही एपीएस-सी आरएफसाठी लेन्स आणायला सुरुवात केली आहे. तरी सेकंड हँड बाजारात ईएफ लेन्सचा साठा अजून मोठा आहे आणि त्या तुलनेने स्वस्तही मिळतात.

आणखी एक बारकावा, जो दुकानात क्वचितच सांगितला जातो. आर५०च्या फ्लॅशच्या खाचेत जुन्या पद्धतीचे संपर्कबिंदू नाहीत. त्यामुळे नेहमीचा फ्लॅश किंवा ट्रिगर थेट चालत नाही, वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. लग्नाच्या कामासाठी कॅमेरा घेणाऱ्यांनी हा खर्च आधीच धरावा.

सेकंड हँड घेताना काय तपासाल?

- लेन्स दोन्ही बाजूंनी काढून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ते फंगस आहे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत हे सर्रास होतं. अशी लेन्स नको.
- पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो काढा आणि मोठा करून पाहा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. साफसफाईने ती जाते, पण ओरखडा असेल तर जात नाही.
- सलग ४०-५० फोटो काढा. शटर अडकतं का, आवाज बदलतो का ते ऐका. किती फोटो काढले गेलेत हे १५००डीच्या मेनूत दिसत नाही, त्यामुळे विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.
- फ्लॅश, कार्डचा कप्पा, बॅटरीचं झाकण आणि सगळी बटणं वापरून पाहा.
- मूळ बिल मागा आणि त्यावरचा सीरियल नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबरशी जुळवा. चोरीचा माल गळ्यात पडू नये यासाठी हे आवश्यक आहे.

शेवटी कोणी काय घ्यावं?

व्हिडिओ, व्लॉग, पळती मुलं, प्राणी, खेळ हे मुख्य काम असेल तर थांबा, पैसे साठवा आणि मिररलेस घ्या.

फोटोग्राफी शिकायची आहे, पोर्ट्रेट, प्रवास, निसर्ग, रस्त्यावरचं जगणं टिपायचं आहे आणि बजेट बेताचं आहे, तर चांगल्या स्थितीतला जुना डीएसएलआर आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स पुरेशी आहे. पुढे मिररलेस घेतला तरी ती लेन्स सोबत राहते.

आणि यातलं काहीही घेण्यासाठी कर्ज किंवा हप्ते डोक्यावर घ्यावे लागत असतील, तर आधी एखादा कॅमेरा एका दिवसासाठी भाड्याने घ्या. मोठ्या शहरांत तो सहज मिळतो. दिवसभर गळ्यात अडकवून फिरलं की आपल्याला नेमकं काय हवंय, हे कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा लवकर कळतं.