बाळंतपणाच्या भरपगारी रजेची कुळकथा

महाड-पोलादपूरकडे बाळंतिणीला सव्वा महिना विसावा देण्याची रीत फार जुनी. पहिलं बाळंतपण माहेरी, शेकशेगडी, आळीव, डिंकाचे लाडू. पण ज्या घरात खाणारी तोंडं जास्त आणि कमावणारे हात कमी, तिथे बारसं उरकलं की रीतही उरकते. राबातली रोपं लावणीला आली की बाई इरलं घेऊन गुडघाभर चिखलात उतरते. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने तीन-चार काड्या रोवायच्या आणि वाकल्या वाकल्याच मागे सरकायचं. तान्हं बांधावर गोधडीत. खाडा झाला तर मजुरी बुडते. विसावाही मिळावा आणि मजुरीही बुडू नये, हा विचार त्या मानाने अलीकडचा. त्याच्या कुळकथेतली दोन मोठी माणसं याच मुलखाशी जोडलेली आहेत, हे इथल्या शाळांत अजून आवर्जून सांगितलं पाहिजे.

पहिले नारायण मल्हार जोशी. जन्म 1879चा, महाडच्या उत्तरेला असलेल्या गोरेगावचा. 1919मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले होते. बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे सुटी, त्या काळात निर्वाहापुरते पैसे, अंगावर पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात दोनदा अर्धा तास, असा करार त्या परिषदेत झाला. पैसे सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून द्यावेत, असंही त्यात होतं. जोशींनी 1924मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात तसं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं.

दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. डिसेंबर 1927च्या महाड परिषदेत त्यांनी स्त्रियांशी वेगळा संवाद केला. लुगडं कसं नेसावं इथपासून मुलींना शिकवावं इथपर्यंत, घरातल्या मोठ्या माणसाने बोलावं तसे ते बोलले. पुढे सातच महिन्यांनी, 28 जुलै 1928 रोजी, मुंबई कायदे कौन्सिलात सदस्य आसवले यांनी आणलेल्या प्रसूती-लाभ विधेयकावर ते बोलायला उभे राहिले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळण्यात राष्ट्राचंच हित आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा अधिक धारदार होता. मालक बायकांना कामावर ठेवतो तो पुरुषांपेक्षा त्यांच्या कामात त्याला जास्त फायदा दिसतो म्हणून, तेव्हा भाराचा काही वाटा त्याने उचलायलाच हवा. मात्र हा भार मुख्यतः सरकारचा आहे, हेही त्यांनी स्वच्छ मान्य केलं.

1929मध्ये मुंबईचा कायदा झाला. देशातला असा हा पहिला कायदा. गिरणीतल्या बाईला बाळंतपणात रोज 8 आणे मिळू लागले, पण द्यायचे मालकाने. पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायका घटत गेल्या. नवी यंत्रं आली, रात्रपाळीला बायकांना मनाई होती, आणि बाई ठेवली की हा खर्च आलाच, हा हिशेबही त्यामागे होता.

1961चा केंद्रीय कायदा 12 आठवड्यांचा, 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांचा झाला. ज्या अमेरिकेत 1919चा करार झाला, तिथे देशभर लागू असलेला 1993चा कायदा 12 आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी. पगारी रजेसाठी कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी आपापले कायदे केले. टेक्सासमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी मुलीला मात्र आधी कंपनीचे नियम वाचावे लागतात.

आपल्याकडचा कायदा चांगला आहे, पण तो कारखाना, दुकान, कचेरी यांच्या दारापर्यंतच पोचतो. महाड औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर असलेल्या बाईलाही तो लागू आहे, वर्षभरात 80 दिवस काम भरलं असेल तर. वीटभट्टीवर जोडप्याने राबणाऱ्या कातकरी बाईचं काम कुठल्याच हजेरीपटावर नसतं. पहिल्या मुलासाठी तिला केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. 26 आठवड्यांच्या मजुरीपुढे ही रक्कम फारच तोकडी आहे. मालकाचा वाटा 1929पासून कायद्यात आहे. बाबासाहेबांनी सरकारचा म्हणून मान्य केलेला मोठा वाटा या बाईच्या पदरात पूर्ण मजुरीइतका पडायला हवा.