औंध संस्थानातील विधिमंडळ : राजसत्तेच्या मर्यादेचा एक प्रयोग (१९३९–१९४८)

प्रस्तावना :
१९३५ च्या भारत सरकार कायद्याने योजिलेल्या संघराज्यात विधिमंडळावर संस्थानांचे प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार संस्थानिकांकडेच होता, प्रजेकडे नव्हता. या पार्श्वभूमीवर औंध संस्थानाने १९३९ साली स्वीकारलेली ‘स्वराज्य राज्यघटना’ लक्षणीय ठरते. या घटनेतील विधिमंडळाचे स्वरूप व त्याच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घटनेची निर्मिती :
सुमारे ७२ गावांचे औंध संस्थान सलग नव्हते. त्याचा मुलूख आजच्या सातारा, सांगली व विजयपूर जिल्ह्यांत विखुरलेला होता. अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या अखेरीस जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने, युवराज अप्पासाहेब पंत व पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या सहभागाने घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. अप्पासाहेब पंत पंतप्रधान झाले.

विधिमंडळाची रचना :
या रचनेचा पाया गावात होता. ग्रामस्थांनी पंचायत निवडावयाची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती बनावयाची व तालुका समित्यांतून मध्यवर्ती विधिमंडळावर प्रतिनिधी जावयाचे. राजपद कायम राहिले; तथापि कारभाराची जबाबदारी लोकप्रतिनिधींकडे आली. परंतु मतदार आणि विधिमंडळ यांच्यामध्ये दोन पायऱ्या होत्या. मध्यवर्ती कारभाराबद्दलची नाराजी मतदाराला थेट मतपेटीतून व्यक्त करता येत नव्हती.

मताधिकाराचा प्रश्न :
याहून गंभीर प्रश्न साक्षरतेच्या अटीचा होता. ही अट गांधीजींच्या सल्ल्याने आली. मत हा विशेष अधिकार मानला जावा व त्यासाठी किमान पात्रता असावी, अशी त्यांची भूमिका होती. साक्षरांनी निवडलेले मंत्रिमंडळ निरक्षरांच्या हिताविषयी जागरूक राहिले, तर प्रौढ मताधिकार लवकरच येईल, असा त्यांचा विश्वास होता. घटनेने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, हे या भूमिकेशी सुसंगतच होते. मात्र शिक्षणापासून पिढ्यान्‌पिढ्या वंचित ठेवलेल्या जाती आणि स्त्रिया यांच्यावरच या अटीचा भार सर्वाधिक पडणार होता. राजाने सोडलेली सत्ता प्रथम कोणाच्या हाती गेली, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

निष्कर्ष :
८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५० च्या भारतीय राज्यघटनेने साक्षरतेची अट न घालता प्रौढ मताधिकार दिला. ग्रामपंचायती मात्र अनुच्छेद ४० मधील मार्गदर्शक तत्त्वापुरत्या राहिल्या. त्यांना घटनात्मक दर्जा १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने मिळाला. औंधच्या रयतेला विलीनीकरणानंतर व्यापक मताधिकार मिळाला, परंतु गावापासून उभी राहिलेली राज्यरचना तिने गमावली. राजसत्तेला मर्यादा घालणे आणि प्रत्येक प्रजाजनाला सत्तेत वाटा देणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. औंधने पहिले निश्चयाने केले, दुसरे अपुरे राहिले.