टाळी आणि उपासनेतील समूहगान : मालवण किनाऱ्यासंबंधी काही विचार

चर्चमधील गायनाच्या वेळी मंडळीने टाळी धरावी की नाही, हा प्रश्न बहुधा नव्या-जुन्या पिढीचा वाद म्हणून मांडला जातो. टाळी ही गिटारबरोबर आलेली अलीकडची चाल होय, असे एक पक्ष म्हणतो. ती भजनातली, म्हणून परकी, असे दुसरा म्हणतो. गोव्यापासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावरील उपासनासंगीताचा इतिहास पाहता दोन्ही मते अपुरी ठरतात.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मिस्सेनंतर चर्चमध्ये मंडळीस ऐकवला जाई. म्हणजे देशी भाषा आणि देशी छंद यांना चर्चचे दार सतराव्या शतकातच उघडले होते. मात्र ओवीच्या चरणांना मात्रांचे बंधन नाही. घरच्या ओवीला लय मिळते ती जात्याच्या फेऱ्यातून. चर्चमध्ये जाते नव्हते. ग्रांथिक ओवी एकाने म्हणावी व इतरांनी ऐकावी, अशीच तिची प्रकृती आहे. शब्द आत आला, हात बाहेर राहिला.

पुढील काळातील व्यवस्थेनेही हातास वाव दिला नाही. मीस, फेस्त, लादीन, इगर्ज हे शब्द जसे पोर्तुगीजांकडून आले, तशीच गायनाची शिस्तही आली. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मेस्त स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. उपासनेचे लॅटिन गायन प्रामुख्याने गायकवृंदाकडे राहिले. घुमट मात्र ख्रिस्ती घरात मांडोच्या साथीस आणि हिंदूंच्या आरतीत सारखाच वाजत राहिला. दहावे पोप पायस यांनी १९०३ साली काढलेल्या आज्ञेत ढोल, झांजा यांसारख्या गलबला करणाऱ्या वाद्यांस चर्चमध्ये मनाई केली. त्याच आज्ञेत लोकांनी ग्रेगोरियन गायनात पुन्हा भाग घ्यावा, अशी इच्छाही व्यक्त केली आहे. लोकांकडून कंठ मागावयाचा आणि लय धरण्याची साधने दूर ठेवावयाची, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांची वाट निराळी होती. वेंगुर्ले येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कार्य होते. परंतु मराठी उपासनागीतास खरे वळण लागले ते अहमदनगरकडे. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग व पदे रचली. अभंग समूहाने म्हणावयाचा तर त्याला ताल लागतो; आणि ज्याच्या हाती टाळ नाही त्याच्या हाती टाळी असतेच. येथे टाळी कोणी मुद्दाम आणली नाही, रचनाप्रकाराबरोबर ती आपोआप आली.

कॅथलिक उपासनेत लोकभाषा व लोकसहभाग यांना अधिकृत मान्यता मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या डिसेंबर १९६३ मधील संविधानाने. १९६९ साली भारतातील उपासनेसाठी जे बारा मुद्दे मंजूर झाले त्यांत अंजली आहे, आरती आहे, पंचांग प्रणाम आहे, टाळी नाही. पुढे १९६७ साली अमेरिकेत उगम पावलेली कॅरिस्मॅटिक चळवळ भारतात पोहोचली आणि तिच्या प्रार्थनासभांतून टाळी मोकळेपणाने ऐकू येऊ लागली. रोमच्या १९९४ च्या सूचनेत मात्र टाळीचे नाव स्पष्ट येते. काही समाजांत गाण्याबरोबर टाळी सहजच पडते, ती खऱ्या सामुदायिक प्रार्थनेची अभिव्यक्ती असेल तर तिला उपासनेत स्थान असावे, केवळ प्रयोग म्हणून नव्हे, असा तिचा आशय आहे.

या दोन टाळ्या एक नव्हेत, हे वादात सहसा ध्यानात घेतले जात नाही. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात टाळी समेवर पडते व खालीच्या जागी हात मोकळा राहतो. गिटारच्या गाण्यात ती पुष्कळदा दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर येते. पहिली टाळी मात्रा मोजते, दुसरी उत्साह वाढविते. टाळ, टाळी आणि ताल हे एकाच कुळातले शब्द आहेत, आणि मराठीने हा भेद वचनाने व क्रियापदानेही राखला आहे: ताल राखण्यासाठी ‘टाळी धरतात’, वाहवा करण्यासाठी ‘टाळ्या पिटतात’. १९९४ च्या सूचनेतील प्रार्थना व प्रयोग यांमधील भेद मालवणच्या भजनी मंडळीस समजावून सांगावा लागला नसता.