डर्बन-वेस्टव्हिल आणि नाताळ : एका विलीनीकरणातील भाषाप्रश्न

१ जानेवारी २००४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ आणि डर्बन-वेस्टव्हिल ही दोन सार्वजनिक विद्यापीठे एकत्र येऊन क्वाझुलू-नाताळ विद्यापीठ अस्तित्वात आले. या घटनेची चर्चा बहुधा प्रशासकीय पुनर्रचना म्हणून होते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यात निराळा प्रश्न दिसतो : अन्यायातून जन्मलेल्या संस्थेने ज्या भाषांना स्थान दिले, त्या भाषा अन्याय संपल्यावर कोणी सांभाळायच्या?

नाताळ विद्यापीठ हे गोऱ्या वसाहतीचे अपत्य. डर्बन-वेस्टव्हिलची जन्मकथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९५९ च्या ‘विद्यापीठीय शिक्षण विस्तार’ कायद्याने, नावाच्या नेमके उलट, गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे इतरांना बंद केली आणि वंशवार महाविद्यालये काढली. त्यांपैकी भारतीयांसाठीचे महाविद्यालय १९६१ मध्ये डर्बन बंदरातील सॅलिसबरी बेटावर, नौदलाने सोडलेल्या बराकींत सुरू झाले. अनेकांनी त्याच्यावर बहिष्कार घातला. इतरांनी नाइलाजाने प्रवेश घेतला. १८६० ते १९११ या काळात गिरमिटावर आलेल्या मजुरांच्या नातवंडांना पदवीचा दुसरा सुलभ मार्ग नव्हता. पुढे संस्था वेस्टव्हिलच्या टेकडीवर गेली व विद्यापीठ झाली.

येथे हिंदी, तमिळ, तेलुगू, गुजराती, उर्दू व संस्कृत या भाषा पदवीपर्यंत शिकवल्या जात. भारतीयांना ‘भारतीय’च ठेवावे, हा राज्यकर्त्यांचा हेतू उघड होता; शिकणाऱ्यांनी त्याच वर्गांतून आजी-आजोबांच्या वाङ्मयाशी नाते जोडले. अर्थात हे नातेही निखळ नव्हते. घरात बोलली जाणारी नाताळची भोजपुरी, म्हणजे ‘नैताली’, आणि वर्गातील प्रमाण हिंदी यांत मोठे अंतर होते. राजेंद मेस्त्री यांच्या ‘लँग्वेज इन इंडेंचर’ (१९९१) या ग्रंथाने त्या उपेक्षित बोलीला भाषाशास्त्रीय प्रतिष्ठा दिली.

विलीनीकरणाचा विचार २००१ च्या राष्ट्रीय योजनेतून पुढे आला. शिक्षणमंत्री कादेर अस्मल हे स्वतः नाताळमधील स्टँगरचे, भारतीय वंशाचे. त्यांनी साकी माकोझोमा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कार्यगटाने ३६ संस्थांच्या जागी २१ संस्था सुचवल्या. समता, टिकाऊपणा आणि उत्पादकता या कसोट्या होत्या. एकाच शहरात केवळ वंशभेदापोटी उभी राहिलेली दोन विद्यापीठे वेगळी ठेवण्याचे समर्थन करणे कठीणच होते, आणि तोवर वेस्टव्हिलमध्ये आफ्रिकी विद्यार्थ्यांची संख्या बरीच वाढलेली होती. परंतु भाषाविभागाचे मोल अशा कसोट्यांत सहसा पटसंख्येवरच ठरते, आणि भारतीय भाषांचे विभाग विलीनीकरणापूर्वीच क्षीण झाले होते. त्यांच्या अस्ताचा दोष केवळ २००४ च्या निर्णयावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

नव्या विद्यापीठाने ‘आफ्रिकी विद्वत्तेचे अग्रगण्य विद्यापीठ’ होण्याचे ध्येय ठेवले, २००६ मध्ये भाषाधोरण स्वीकारले आणि २०१४ पासून पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी इसिझुलूचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. प्रांतातील बहुसंख्यांच्या भाषेला हा न्याय फार उशिरा मिळाला. भारतीय भाषांचा भार मात्र पुन्हा समाजाच्या संस्थांवर आला. त्यांतील हिंदी शिक्षा संघ १९४८ चा, म्हणजे सॅलिसबरी बेटावरील महाविद्यालयाहून तेरा वर्षांनी जुना. वेस्टव्हिलच्या आवारात गांधी-लुथुली दस्तऐवज केंद्र टिकून राहिले. गिरमिट काळाचा शोध घेणारे अभ्यासक आजही तेथे जातात.