आभासी गावातील खरी शोधमोहीम

नदीकाठचे एक अमेरिकी गाव. साल १८७८. एकीकडे सुखवस्तू लोकांची घरे, दुसरीकडे मजुरांच्या चाळी, कडेला कचरा टाकण्याची जागा आणि दलदल. गावात रुग्णालय आहे, विद्यापीठही आहे. पण लोक सारखे आजारी पडत आहेत आणि त्याचे कारण कोणाला उमगत नाही. हे गाव नकाशावर सापडणार नाही. हार्वर्ड विद्यापीठातील शिक्षणतज्ज्ञ ख्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००च्या दशकात ते संगणकावर वसवले. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्यासाठी अर्थसाह्य दिले. गावाचे नाव ‘रिव्हर सिटी’. आणि तेथील आजारांचा छडा लावायचा तो सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांनी.

अनेकांनी एकाच वेळी वावरावे, एकमेकांना दिसावे, बोलावे आणि मिळून काही करावे, अशा संगणकीय जागेला सामायिक आभासी विश्व म्हणतात. त्यात प्रत्येकाचे एक चित्ररूप असते. त्याला जगभर ‘अवतार’ असेच म्हणतात. १९८०च्या दशकात संगणकीय खेळांनी आपल्याकडून उचललेला हा शब्द आता परदेशी वेषात परत आला आहे. करमणुकीसाठी अशी विश्वे पुष्कळ आहेत. ती शिकण्यासाठी वापरायची, तर मुलांनी तेथे एकत्र येऊन नेमके काय करायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. रिव्हर सिटीचे महत्त्व त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

या गावात एक नव्हे, तीन प्रकारचे आजार एकमेकांत मिसळलेले होते. एक पाण्यातून पसरणारा, दुसरा हवेतून आणि तिसरा डासांमुळे. मुले तीन-चार जणांच्या गटाने गावात शिरत. पाण्याचे नमुने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजणे, रुग्णालयातील नोंदी चाळणे, रहिवाशांना प्रश्न विचारणे अशी कामे असत. पुढच्या भेटीत ऋतू बदललेला असे, आणि त्याबरोबर काही आजार ओसरलेले, काही वाढलेले दिसत. हिवाळ्यात डास नाहीत, तर ताप कोणाला आणि का, हे ताडून पाहता येई. गटातील मुले टंकलेखनाने आपसात बोलत. तो संवाद गटापुरताच राही. एकट्याने सगळीकडे पोहोचणे कठीण, म्हणून माहिती वाटून घेणे भाग पडे.

यानंतरचा टप्पा सर्वांत मोलाचा. गटाने आपला तर्क मांडायचा आणि तो तपासायचा. उदाहरणार्थ, ‘कचऱ्यातून झिरपणारे पाणी हे कारण असावे’ असे वाटले, तर तेवढी एकच गोष्ट बदललेले दुसरे गाव त्यांना मिळे आणि दोन्ही गावांतील आकड्यांची तुलना करावी लागे. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकात चार ओळींत संपते. येथे मुलांना तो करावा लागे आणि प्रसंगी आपला तर्क चुकला हे कबूल करावे लागे. शेवटी वर्गात चर्चा होई, तेव्हा शेजारच्या गटाने भलत्याच आजाराचा माग काढला होता, हे कळून अनेकांना आश्चर्य वाटे.

मूल्यमापनासाठी नेहमीची पर्यायी प्रश्नांची परीक्षा होतीच. शिवाय मुलांनी गावच्या महापौरांना पत्र लिहून आजारांचे कारण आणि उपाय कळवायचे होते. ही पत्रे तपासताना संशोधकांना आढळले, की परीक्षेत मागे पडलेल्या काही मुलांनी पत्रात मात्र चांगली समज दाखवली होती. परीक्षेच्या गुणांवरून मुलाची हुशारी ठरवणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेने या निष्कर्षाची दखल घ्यावी. अर्थात त्यावरून संगणक आणला की शिक्षण सुधारले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मुलांकडून काम करून घेतले ते त्या कोड्याच्या रचनेने. चित्रांची भूल फार वेळ टिकत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात वर्ग पडद्यावर आले, तेव्हा मुले एकमेकांना चौकटींतून दिसत होती, पण मिळून हाताळण्यासारखे त्यांच्यापुढे बहुधा काहीच नव्हते.

अशा विश्वांची एक दुबळी बाजू आहे. ती कोणाच्या तरी मालकीची असतात. ‘सेकंड लाइफ’ हे २००३ मध्ये सुरू झालेले विश्व अनेक विद्यापीठांनी वर्ग भरवण्यासाठी स्वीकारले होते. पण चालक कंपनीने शैक्षणिक संस्थांची सवलत २०११च्या प्रारंभापासून बंद केली आणि अनेकांना गाशा गुंडाळावा लागला. २०१३ मध्ये सवलत पुन्हा मिळाली, तोवर उत्साह मावळला होता. किशोरवयीनांसाठीचा स्वतंत्र विभागही दरम्यान बंद झाला. शिक्षकांनी रात्री जागून उभारलेल्या इमारती बरोबर नेण्याची सोय अशा ठिकाणी सहसा नसते.

हार्वर्डच्या गटाने पुढे टीना ग्रोट्झर यांच्या सहभागाने ‘इकोम्यूव्ह’ तयार केले. यात आभासी तळ्याला मुले वेगवेगळ्या दिवशी भेट देतात आणि एके दिवशी मासे मरून पडलेले आढळतात. गटातील एकाकडे पाण्याचे रसायन, दुसऱ्याकडे सूक्ष्मजीव, तिसऱ्याकडे प्राणी-वनस्पती, चौथ्याकडे लोकांकडून माहिती काढण्याचे काम. प्रत्येकाचे आकडे एका तक्त्यात आले, की साखळी दिसू लागते. खत पावसाने वाहून तळ्यात येते, शेवाळ माजते, ते मेल्यावर कुजवणारे जीवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात. मासे मेले त्या दिवशी तळ्याकाठी संशयास्पद काहीच घडलेले नसते. कारण बरेच आधीचे आणि दूरचे असते, आणि मुलांना तेच शोधणे अवघड जाते.

याच संशोधकांनी नंतर ‘इकोमोबाइल’ या प्रकल्पात मुलांना खऱ्या तळ्यावर नेले. हातात स्मार्टफोन आणि पाण्याचे तापमान व प्राणवायू मोजणारी उपकरणे होती. खऱ्या तळ्यात दोन गटांचे आकडे सहसा तंतोतंत जुळत नाहीत. मग ते का जुळले नाहीत, यावर काठावर उभे राहूनच बोलावे लागते.