शेरगिल, अमृता : तत्कालीन छायाचित्रे

(३० जानेवारी १९१३ – ५ डिसेंबर १९४१). भारतीय चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचे आयुष्य आणि चित्रकाम टिपणारी, मुख्यतः त्यांचे वडील उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) यांनी काढलेली छायाचित्रे. उमरावसिंग संस्कृत व फार्सीचे जाणकार. छायाचित्रण हा त्यांचा छंद होता, धंदा नव्हे. अमृता जन्मण्याच्या बऱ्याच आधीपासून ते स्वतःचीच छायाचित्रे काढत, कधी उघड्या अंगाने, केस मोकळे सोडून. मुलीला न्याहाळणारी नजर तिथेच तयार झाली असावी.

बुडापेस्ट, पॅरिस आणि सिमला ही या संग्रहातील मुख्य स्थळे. पॅरिसमध्ये अमृता पाश्चात्त्य पोशाखात दिसतात, तर भारतात परतल्यावर साडीत. चित्रफलकापुढची आणि स्वतःच्या चित्रांसोबतची छायाचित्रे अभ्यासकांना विशेष मोलाची. चित्राचा आकार आणि काळ ठरवायला त्यांचा उपयोग होतो. मात्र कृष्णधवल छायाचित्रांत अमृतांचा लाल रंग हरवतो, आणि तोच तर त्यांचा प्राण.

महाराष्ट्राशी अमृतांचा संबंध थोडक्या दिवसांचा, पण निर्णायक होता. १९३६ अखेरीस त्या मुंबईत आल्या, तेथे कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी स्नेह जुळला. मग अजिंठा-वेरूळ पाहिले. त्याचा ठसा १९३७ च्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रावर स्पष्ट आहे. त्याच वर्षी ‘तीन मुली’ या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

अमृतांचे भाचे, चित्रकार विवान सुंदरम् यांनी २००१-०२ मध्ये ही कौटुंबिक छायाचित्रे संगणकावर एकमेकांत मिसळून नवी चित्रमालिका केली.